आर्या पेडणेकरची गैरहजेरी

विरार पूर्वेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावी विज्ञानासाठी सोमवारी सकाळी नऊ वाजता 'भौतिकशास्त्र परिचय वर्ग' आयोजित केला होता. पटावर एकशे वीस विद्यार्थी होते. वर्ग घ्यायला आलेल्या सुझान तुस्कानो यांनी सांडोरच्या आपल्या वाडीतून एक केळफूल आणि एक सुपारी आणली होती. दरवर्षी त्या अशी तयारी करून येत आणि रिकाम्या बाकांना नमस्कार करून परत जात. मुलं स्टेशनजवळच्या क्लासमध्ये शिकत. कॉलेजात शिकत ती फक्त त्यांची नावं. क्लासकडून हजेरीची यादी येई आणि कॉलेज ती आपल्या हजेरीपटावर उतरवून घेई.

त्या सोमवारी मात्र पहिल्या बाकावर एक मुलगी बसली होती. फुलपाड्याची आर्या पेडणेकर.

"क्लासला गेली नाहीस?" सुझान टीचरनी विचारलं.

"वेळापत्रकात इथं यायचं लिहिलंय ना, टीचर."

टीचरनी केळफूल आणि सुपारी उचलली. त्या टेबलावर चढल्या. "दोन्ही एकदम सोडते. आधी काय पडेल?"

"केळफूल. जड आहे ना ते."

आवाज एकच आला. आर्या जमिनीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "परत टाका ना."

टीचरनी चौदा वेळा टाकलं. बऱ्याच वर्षांनी त्यांचा आवाज चढला होता, आणि तोही न रागावता.

दहा वाजता प्राचार्य श्रीरंग सामंतांनी दोघींना बोलावून घेतलं.

"ही मुलगी आज गैरहजर आहे," ते म्हणाले.

"सर, ती माझ्या शेजारी उभी आहे."

"उभी आहे ते मलाही दिसतंय. प्रश्न हजेरीचा आहे. क्लासच्या यादीत एकशे एकोणीस हजर आहेत, ही नाही. ही कॉलेजात होती असं लिहिलं, तर बाकीचे कुठं होते तेही लिहावं लागेल."

एकशे एकोणीस जणांच्या भवितव्याचा विचार करून निर्णय झाला. आर्याला विनापरवानगी महाविद्यालयात आढळल्याबद्दल नोटीस मिळाली. वर्ग भरतात असा गैरसमज पसरवल्याबद्दल टीचरकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

दुपारी आर्याचे वडील, प्रल्हाद पेडणेकर, अर्धी रजा टाकून आले. नोटीस त्यांनी दोनदा वाचली.

"आर्या, तुला इथं शिकायला घातलं होतं का आम्ही?"

"मी तेच सांगतोय," प्राचार्य म्हणाले.

"बाबा, जड आणि हलकं एकदमच पडतं," आर्या म्हणाली. "मी बघितलं."

"परीक्षेला येतं का ते?"

"येतं," टीचर म्हणाल्या.

"मग क्लासमध्ये शिकवतील."

आर्याने दप्तर उचललं. पेडणेकर दारात थबकले. त्यांचा स्वर जरा मऊ झाला होता. "राग मानू नका, टीचर. तुम्हाला मुलं?"

"एक आहे. ॲल्रॉय. यंदा अकरावीलाच."

"जातो कॉलेजात?"

टीचर खिडकीबाहेर बघू लागल्या. "त्याच क्लासला आहे," त्या म्हणाल्या. "हुशार आहे हो तो. त्याचं वर्ष कशाला वाया घालवायचं?"

पेडणेकरांनी समजूतदारपणे मान हलवली.

आपलं मूल या क्षणी खरोखर कॉलेजच्या वर्गात बसलेलं आहे, अशी ज्या वाचकांची खात्री असेल, त्यांनी इथं खुशाल हसावं.