एकशे तेरा अंशांचे गावंडे सर

मे महिन्यात अख्खं अकोला देवाला हात जोडतं, बाबा रे, ऊन कमी कर. आमचे शेजारी गावंडे सर तेवढे म्हणतात, वाढू दे. सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. बायको गेलेली, मुलगा अमेरिकेत. टीव्हीवर शहरांचे आकडे लागले आणि अमरावती अकोल्याच्या पुढे गेली, की त्यांना घास जात नाही. "अमरावतीवाल्यायले काय करायचं हाये एवढ्या उनाचं?" माझं माहेर अमरावतीचं. असा राग येतो!

गेल्या उन्हाळ्यात मी तापानं फणफणले होते. थर्मामीटरमध्ये एकशे दोन. सर बघायला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच हिशेब सुरू. "बत्तीस वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. एकोणचाळीस! वहिनी, बाहेर चव्वेचाळीस हाये. तुमी तं थंडगार आहा!" मी पांघरुणातून असं काही पाहिलं, की सर चहा न घेताच गेले. आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात आणि ऊन सेल्सिअसमध्ये, हे त्यांचं जुनं दुखणं. "एकाच माणसाले दोन मापानं तापवून राहिले!"

परवा पारा पंचेचाळीसवर गेला. मी वाटीभर आमरस घेऊन गेले, तर सर फोनवर ओरडत होते, "एकशे तेरा, बाबू! एकशे तेरा!" पलीकडून मुलगा काकुळतीला आलेला. बाबा, बाहेर पडू नका, पाणी प्या, कूलर लावा. आणि कूलर बंद! सर घामानं निथळत होते, पण चेहरा कसा लग्नघरातला.

फोन ठेवल्याबरोबर मी भडकले. "सर, जीव द्यायचा आहे का? कूलर काऊन बंद केला?"

"त्याच्या आवाजात पोराचं बोलणं आयकू येत नाही," सर म्हणाले. "टीव्हीवर अकोला तापलं दिसलं, की फोन करते तो. तिकडं फॅरनहाइट चालते. पंचेचाळीस म्हटलं तं त्याले आता थंडी वाटते. एकशे तेरा म्हटलं की घाबरते. दहा मिनिटं बोलते."

मी कूलर लावला आणि आमरसाची वाटी त्यांच्या हातात दिली.

काल आभाळ भरून आलं. पारा एक्केचाळीसवर उतरला, सारी गल्ली खूश. संध्याकाळी सर फाटकाशी उभे, हातात मोबाइल.

"आला नाही फोन," ते म्हणाले.

"मग तुम्हीच लावा ना!"

"काय सांगू? समदं ठीक हाये म्हटलं, की ठेवून देते." मग हळूच म्हणाले, "वहिनी, केल्विन म्हणून तिसरं माप असते. दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. एक्केचाळीसचे तीनशे चौदा होतात."

सर अगदी शाळेतल्या पोरासारखं माझ्याकडे बघत होते.

"तीनशे चौदा म्हटलं, तं येईन का हो तो?"