खिडकी क्रमांक दोन

आमच्या मिरजेच्या संशोधन केंद्रात तरुण माणसांचे दृष्टिकोन काढून, मोजून, त्याच दिवशी परत दिले जातात. जमा करण्याची खिडकी क्रमांक दोन, तिथे मी बसते. माझं नाव सुलभा कागवाडे, पण सगळे मावशी म्हणतात. म्हणू देत. फक्त दृष्टिकोन ठेवायच्या डब्यावरची नावाची चिठ्ठी कुणी फाडलेली मला चालत नाही.

दृष्टिकोन हाताला भाकरीएवढा लागतो. कडा मऊ असल्या तर उत्तम, कडक झाल्या असतील तर संशोधन करणाऱ्या उमराणी मॅडम आकडा लिहून घेतात. मोबाइलवरचे अश्लील व्हिडिओ पाहून तरुणांचा एकमेकांकडे बघण्याचा दृष्टिकोन बिघडतो का, हे त्यांना शोधायचंय. बावीस ते तीस वयाचे दोनशे बारा जण आहेत. दृष्टिकोन जमा केला की माणसं बाकावर शांत बसून राहतात. काही बिघडत नाही त्यांचं.

एका सोमवारी केतकी नावाची मुलगी थेट खिडकीशी आली. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा निनाद, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आणि आमच्या यादीत एकशे सत्तावीस नंबरला.

"मावशी, तो बघतो ते सगळं. त्यानंच सांगितलं मला," ती म्हणाली. "त्याच्यावर परिणाम झालाय का, तेवढं सांगा. रविवारी मला हो-नाही कळवायचंय."

मी तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी तीन तक्ते पसरले.

"जे जास्त बघतात त्यांच्या कडा सरासरीनं थोड्या कडक दिसतात," मॅडम म्हणाल्या. "पण बघून कडक झाल्या, की आधीच कडक होत्या म्हणून बघितलं, हे ठाम सांगता येत नाही. काहींच्या तर बघूनही मऊच आहेत."

"मॅडम, मला सरासरीशी लग्न नाही करायचं!"

मॅडमनी तक्ते गोळा केले. खरं सांगते, मला पोरीचं फार कौतुक वाटलं.

निनादला बोलावलं. तो आला, सही केली, दृष्टिकोन काढून टेबलावर ठेवला. केतकीनं बोट फिरवलं. एक कड चांगलीच टणक होती.

"हे त्या व्हिडिओंमुळे?"

दृष्टिकोन काढलेला माणूस आडपडदा ठेवत नाही. "असेल. किंवा होस्टेलवरच्या गप्पांमुळे. किंवा बाबा आईशी बोलतात त्यामुळे. मला नाही माहीत," निनाद म्हणाला. "पण कड माझीच आहे."

"ही कड पुन्हा मऊ होते का, मावशी?" केतकीनं विचारलं.

"अगं बाई, आम्ही नुसतं मोजतो."

मग केतकीनं स्वतःचा दृष्टिकोन काढून त्याच्या शेजारी ठेवला. "नियम सात बघा," ती म्हणाली. मी रजिस्टर चाळलं. मालकाच्या लेखी संमतीनं आठ दिवसांपर्यंत दुसऱ्यास देता येईल, असं खरंच लिहिलेलं होतं. बारा वर्षांत कुणी वापरलं नव्हतं, म्हणून मीही विसरले होते. दोघांनी सह्या केल्या. त्याचा ती घेऊन गेली, तिचा तो. रविवार पुढे ढकलला.

पुढच्या सोमवारी दोघं आली. केतकी आधी बोलली.

"बायका समोरून येतात आणि नकळत मी त्यांना पुढे सरकवते, मावशी. मोबाइलवर सरकवतात तसं. चेहरा लक्षातच राहत नाही. परवा आरशात मी मलासुद्धा सरकवलं." तिचे डोळे भरले. "मला भीती वाटली हो."

निनाद खाली बघत होता.

"तुझं काय रे?" मी त्याला विचारलं.

"सांगली बसमध्ये चढताना मी बॅग छातीशी धरतो," तो म्हणाला. "कुणी शिकवलं नाही. हात आपोआप वर येतात. मागे कोण उभं आहे ते आधी बघतो, मग तिकीट काढतो." मग केतकीकडे हात करून म्हणाला, "ही रोज असंच करते?"

"रोज," केतकी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडून त्याचा दृष्टिकोन घेऊन मोजला. कड तेवढीच टणक होती. त्यांनी आकडा लिहिला, मग खोडला, कारण अदलाबदल संशोधनाच्या आराखड्यात बसत नव्हती.

मी दोन डबे पुढे केले. केतकीनं आपला दृष्टिकोन परत घ्यायला निनादकडे हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अजून आठ दिवस राहू दे त्याच्याकडे," ती म्हणाली. "त्याचा इथेच ठेवा. मी तशीच, दृष्टिकोनाशिवाय जाते. मग सांगते, हो की नाही."

केतकीनं संमती लिहून दिली, निनादनं मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. सही करताना त्यानं छातीशी धरलेली बॅग खाली ठेवली नाही.