ओसरीतल्या बुढ्याचं सुतक

"त्या घरातलं पान मले मालूम झाल्याबिगर हालत नाई," असं अड्याळचा जागेश्वर छाती काढून सांगायचा.

ते घर म्हणजे त्याचं स्वतःचं नव्हे. स्वतःच्या घरात त्याला न विचारता झाडंच्या झाडं हलायची. ते घर म्हणजे टीव्हीतल्या चौबेजींचं. शहाऐंशीच्या दिवाळीला जागेश्वरनं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला, आळीतला पहिला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी अख्खं चौबे कुटुंब त्याच्या ओसरीत येऊ लागलं. चौबेजी, त्यांची बायको, दोन मुलगे, एक सून आणि या सगळ्यांना पुरून उरणारे म्हातारे दादाजी. मालिका विनोदी होती, हिंदीत होती आणि अर्ध्या तासाची होती, पण आळीला ती आठवडाभर पुरायची.

सुनेनं पहिल्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि दादाजींनी 'वाह बेटी' म्हणत तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला, हा मालिकेतला सगळ्यात चांगला प्रसंग, यावर आळीतल्या सासवांचं आणि सुनांचं एकमत होतं. त्या आळीत एवढं एकमत दुसऱ्या कशावरही झालेलं नव्हतं. सगळ्यात वाईट प्रसंगावर मात्र वाद होता. मोठ्या मुलानं वेगळी चूल मांडली तो वाईट, असं सासवा म्हणत. पुढच्या गुरुवारी ती चूल मोडली तो वाईट, असं सुनांचं मत होतं, पण त्या ते हळू आवाजात सांगत. जागेश्वरची आई गोदावरीबाई तर दादाजी पडद्यावर आले की डोक्यावरून पदर घ्यायची. मोठ्या माणसासमोर उघड्या डोक्यानं बसायचं म्हणजे काय!

आता गुरुवार आणि लाइन यांचं जुनं वैर होतं. ऐन रंगात आलं की लाइन जायची, आणि अंधारात सगळी तोंडं जागेश्वरकडे वळायची. कारण त्यानं सांगून ठेवलं होतं की आपला मावसभाऊ नागपूरला टीव्हीवाल्यांकडे कामाला आहे, त्यामुळे पुढचं सारं आपल्याला आधीच कळतं. मावसभाऊ खरा होता, नागपूरही खरं होतं. फक्त त्याचं तिथं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. जागेश्वर आपला अंदाजानं उरलेली गोष्ट सांगायचा, आणि विनोदी मालिकेत शेवटी सगळे हसतातच, त्यामुळे ती बहुतेक वेळा खरी निघायची.

अशात एका गुरुवारी करडीहून श्यामराव आला. जागेश्वरच्या रुखमिणीची श्यामरावच्या इश्वरशी सोयरीक जुळत आली होती. पोरानं पोरगी पाहिली होती, पोरीनं पोरगा पाहिला होता, दोघंही एकमेकांना आवडले होते. उरली होती साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख. आणि ती लवकर निघणं भाग होतं, कारण इश्वरची आई मंदाबाई हिच्या मनात पवनीची, आपल्या सख्ख्या भावाची मुलगी होती. रुखमिणीला बघायलासुद्धा ती अजून अड्याळला आली नव्हती.

श्यामराव सुपारी खिशात घेऊनच आला होता. मालिका संपली की तारीख काढू, असं ठरलं आणि तो पुढच्या खाटेवर बसला.

पडद्यावर दादाजी गोधडीखाली लपवलेला लाडू काढत होते. त्यांना डॉक्टरनं गोड बंद केलेलं. तेवढ्यात सुनेची पावलं वाजली. दादाजींनी अख्खा लाडू तोंडात कोंबला. डोळे मोठे झाले. हात छातीवर गेला.

आणि लाइन गेली.

"जागेश्वरभाऊ," अंधारातून श्यामरावचा आवाज आला, "तुमाले तं सारं मालूम असते. बुढा वाचते ना?"

जागेश्वरनं विचार केला. वाचला म्हणावं, तर त्यात माहिती काय? ते कोणीही म्हणेल. मेल्याची बातमी मात्र माहितगारच देऊ शकतो. होणाऱ्या व्याह्यासमोर आपलं वजन दाखवायची अशी वेळ पुन्हा येणार नव्हती.

"गेला," तो गंभीरपणे म्हणाला. "मावसभावानं मले आधीच सांगतलं होतं. तुमाले वाईट वाटंन म्हणून मी बोललो नाई."

मग गोदावरीबाईनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. तिच्यामागून बाया सुरू झाल्या. कंदील आला तेव्हा श्यामरावनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"अशात तारीख कशी काढाव?" तो म्हणाला. "तेरवी होऊन जाऊ द्या."

"अवो, पण थो टीवीतला मानूस हाये," जागेश्वर घाईघाईनं म्हणाला.

"टीवीतला असंन. पण मेला कोठी? तुमच्या ओसरीत. आमा साऱ्याइच्या डोयासमोर. तुमीच सांगतलं."

श्यामराव सुपारी खिशात तशीच घेऊन करडीला परत गेला.

स्वयंपाकघरात सुंदरबाई वाटच बघत होती. नवऱ्याच्या मावसभावाचं दुकान तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"मारून टाकला बुढा," ती म्हणाली. "पोरीच्या साक्षगंधावरी तरी जगवाव होता. तवर पवनीवाली घुसली म्हंजे?"

रुखमिणी चुलीपाशी बसली होती. ती बापाकडे न पाहता म्हणाली, "बाबा, मले थे घर पसंत होतं." एवढंच. पण जागेश्वरनं त्या रात्री भरलं ताट तसंच सरकवलं. पोरीनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते आपण एका लाडवापायी घालवलं, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःचा खरोखर राग आला.

खरं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलंही. पण सांगायचं काय? पोरीचा बाप खोटारडा आहे हे? तसं कळलं तर मंदाबाईला पवनीकडे जायला आयतीच वाट. त्यापेक्षा बुढा मेलेलाच बरा, असं त्यानं ठरवलं.

एकदा मेल्यावर मात्र रीतभात आलीच. गोदावरीबाईनं टीव्हीवर पांढरं धोतर टाकलं, त्यापुढे दिवा लावला आणि घरातली फोडणी बंद केली. सुतक म्हणजे सुतक. जागेश्वर आठवडाभर बिनफोडणीचं वरण गिळत होता. आळीतली माणसं बसायला येत, चहा पीत आणि दादाजींचे गुण आठवत. मिठाचा चहा कितीदा तरी पिऊन झाला. तिसऱ्या दिवशी टिकाराम न्हावी धोकटी घेऊन दारात उभा.

"बुढीनं बलावलं," तो म्हणाला. "मयत तुमच्या घरात झाली, त्याचे पोरं तं इथं नाई. मंग टक्कल कोनं कराव?"

जागेश्वर मागच्या दारानं पळणार होता, पण त्या दारात गोदावरीबाई बसली होती. बरीच घासाघीस झाली आणि डोक्याऐवजी मिशीवर तडजोड झाली. वीस वर्षं पोसलेली मिशी टिकारामनं दोन हातांत उतरवली. सुंदरबाई दारातून बघत होती. ती हसली नाही, आणि जागेश्वरला तेच जास्त लागलं.

पुढचा गुरुवार उजाडला. आज मालिका लागणार. आज दादाजी, देव न करो, दिसणार. टीव्ही सुतकात आहे, लावायचा नाही, असं त्यानं सकाळीच जाहीर करून टाकलं, आणि गोदावरीबाईनंही मान डोलावली. जागेश्वर जरा निवांत झाला, तोच दारात बैलबंडी थांबली. श्यामराव उतरला. त्याच्यामागून त्याची म्हातारी रंभामावशी उतरली, ती रडतच. आणि शेवटी उतरली मंदाबाई, पदर सावरत, घराकडे बारीक नजरेनं बघत.

"सोयऱ्याच्या घरी दादाजी गेले म्हणे," मंदाबाई गोदावरीबाईजवळ बसत म्हणाली. "बसाले नाई याव तं लोक नाव ठेवतेत. दादाजी तुमचे कोन होते? सासरे?"

गोदावरीबाईनं डोळे पुसत दिव्याकडे बोट दाखवलं. दिव्यामागे धोतर होतं. धोतराखाली टीव्ही होता.

मंदाबाईनं टीव्हीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. श्यामराव वर बघत छपराचे कवेलू मोजत होता. संपलं सारं, जागेश्वरला वाटलं.

"एवढ्या दूर आलो," रंभामावशी हुंदके देत म्हणाली, "तं बुढ्याचं तोंड तरी पाहू द्या. आज त्याले जाळाचं दाखवतीन ना?"

याला कोण नाही म्हणणार? धोतर निघालं. ओसरी भरली. जागेश्वर मनातल्या मनात लाइनीचा धावा करत होता. दर गुरुवारी न चुकता जाणारी बया आज ठाण मांडून बसली. बल्ब असा लखलखत होता की तसा तो दिवाळीतही लखलखला नव्हता. शेवटी त्याला एकच उपाय सुचला.

"अँटेना फिरलं दिसते," तो म्हणाला. "पाहून येतो."

शिडी लावून तो कवेलूवर चढला, बांबूला मिठी मारली आणि अँटेना नागपूरकडून जोर लावून पार उलट्या दिशेला वळवलं.

"गेला," खालून आवाज आला. जागेश्वर खूश झाला. जास्तीचं म्हणून त्यानं आणखी थोडं वळवलं.

"आला, आला! येकदम झकास!"

ओसरीत असं स्वच्छ चित्र कधी आलंच नव्हतं. जागेश्वरला वरून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आधी मालिकेचं संगीत. मग सुनेचा आवाज. मग खणखणीत खोकला, आणि आळीला तोंडपाठ असलेला तो आवाज, "बहू, ज़रा चाय तो लाना!"

खाली रंभामावशीचे हुंदके मधेच थांबले.

"जागेश्वर," गोदावरीबाईनं खालून हाक मारली, "हा कोन हाये?"

"भाऊ हाये त्याचा," जागेश्वर वरून ओरडला. "जुळा. जबलपूरचा. तेरवीले आला असंन."

"भाऊ नाई," शेजारची शकुबाई म्हणाली. "सून सांगून राहिली, लाडू घशात अटकला तवाच पाठीत धपाटा मारला म्हणून वाचले म्हणते. थोच हाये."

मग जे हसू फुटलं ते टीव्हीतल्या हसण्याच्या वर गेलं. जागेश्वरला वाटलं, कवेलू फुटावेत आणि आपण सरळ पेवात जाऊन पडावं. तोंड लपवून मागच्या बाजूनं उतरावं म्हणून त्यानं बांबू सोडला, तोच खाली खरखर झाली आणि एकच गलका उठला.

"हालू नोको रे बाप्पा," गोदावरीबाई कळवळून म्हणाली. "तू हालला का बुढा जाते."

त्यानं मुकाट्यानं पुन्हा बांबू धरला. दादाजी परत आले.

मालिका संपेपर्यंत तो तसाच उभा होता. बिनमिशीच्या ओठावर थंडी वाजत होती. मग टीव्हीचा आवाज बंद झाला आणि मंदाबाईचा आवाज ऐकू आला.

"आठ दिवस फोडणी नाई घातली तुमी? टीवीतल्या बुढ्यासाठी?"

"मानूस चांगला होता वो," गोदावरीबाई म्हणाली.

"अन् या पोरीनं बिनफोडणीचं रांधलं आठ दिवस? कुरकुर नाई केली?"

"कायले करन? आजीचं मन होतं."

मग मंदाबाई म्हणाली, "ज्या घरात परक्या बुढ्याचं येवढं करतेत, थ्या घरची पोरगी आमचं म्हातारपन फेकून तं देनार नाई. माझ्या भावाच्या घरी सख्ख्या बुढ्याले कोनी पानी नाई देत. बलावा पोरीले. कुंकू लावतो."

वर, कवेलूवर, जागेश्वरनं अँटेनाच्या बांबूला कपाळ टेकलं आणि तो रडला. खूप दिवसांनी, अगदी मनापासून. आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोरीला कुंकू लागतंय आणि बाप मात्र छपरावर आहे. तो घसरतच शिडीवरून उतरला.

शिडीच्या पायथ्याशी श्यामराव एकटाच उभा होता. त्यानं जागेश्वरला हात देऊन खाली घेतलं.

"माफ करा," जागेश्वर खालमानेनं म्हणाला. "बुढा मेला नोहता. मी उगाच बोललो."

"मले त्याच राती मालूम होतं," श्यामराव हळूच म्हणाला. "विनोदाच्या खेळात कोनी मरते का?"

"मंग थे टोपी काढली ते? तेरवी?"

"आइका. मंदा दुसऱ्या दिवशी पवनीले तारीख काढाले निंगली होती. तिले म्हटलं, सोयऱ्याच्या घरी मयत झाली, आता कोठीच तारीख निंगत नाई. अन् मयतीले बसाले गेलंच पायजे. नाई तं तुमच्या दारात पाय ठेवत नोहती ते." श्यामरावनं ओसरीकडे नजर टाकून आवाज आणखी खाली आणला. "तुमी बुढा मारला म्हणून बरं झालं, इवाई. नाई तं तारीख थांबवाले मले रंभामावशीच मारा लागत होती."

रंभामावशी ओसरीत बसून फोडणीचे पोहे खात होती आणि सुंदरबाईला म्हणत होती, अजून थोडे वाढ वो माय, आठ दिवसापासून इकडं काई चवीचं शिजलं नाई म्हणे.