गणसंख्येअभावी

लीगच्या सर्वांत खालच्या श्रेणीत प्रेक्षकांविना झालेला सामना हा सामना नसून सराव समजला जाईल, असा ठराव समितीने एकमताने केला. एकमताने, कारण बैठकीला चिटणीस एकटेच हजर होते. बैठकीला गणसंख्येची अट नव्हती. सामन्याला मात्र होती. प्रत्येक संघाचे तीस प्रेक्षक, आपापल्या बाकांवर, शेवटच्या शिट्टीपर्यंत. भरले नाहीत तर गुण नाहीत.

हा ठराव शिंप्याच्या मुळावर आला. शिंपी म्हणजे तळाच्या संघाचा गोलकीपर आणि कप्तान. संघाचे गणवेशही तोच शिवायचा. हंगामाअखेर एक गुण कमी पडला तर क्लब लीगबाहेर जाणार होता आणि मैदानावर गाड्या उभ्या राहणार होत्या. त्याच मैदानावर वडिलांनी त्याला चालायला आणि चेंडू अडवायला जवळपास एकदमच शिकवलं होतं.

तो माणसं जमवायला लागला. बायको आली, मावशी आली, मावशीच्या शेजारणी आल्या. गिऱ्हाइकांना त्याने सांगून टाकलं, की पँटची ट्रायल यापुढे मैदानातच होईल. त्याचा खरा आधार होते सासरे. सगळी नोकरी बसून काढलेला माणूस. एकदा टेकले की भूकंपालाही दाद देणार नाहीत.

म्हणूनच शेजारच्या क्लबाची त्यांच्यावर नजर गेली. हंगामाच्या मध्यावर सासरे पलीकडच्या बाकांवर दिसले.

“मामा, तुम्ही तिकडे?”

“इथे उशी देतात, जावईबापू. कंबर काय कुठल्या संघाची नसते. आणि बघतोय तर तुमच्याकडेच ना.”

बायकोने वडिलांशी अबोला धरला. चिटणीसांनी मात्र घटनेची दखल घेऊन प्रेक्षकांच्या बदल्यांचे नियम काढले, मग प्रेक्षकांसाठी प्रशिक्षण शिबिर आणि उत्कृष्ट प्रेक्षकासाठी ढाल. खेळाडू मध्यंतरात चहाचे ट्रे फिरवू लागले.

शेवटचा सामना नेमका सासऱ्यांच्या क्लबाशी पडला. बरोबरी झाली तरी शिंप्याचं काम होणार होतं. चिटणीसांनी डोकी मोजली आणि शिंप्याला खुणेने बोलावलं.

“एक कमी आहे.”

“येईल हो कुणीतरी. तोवर खेळू द्या.”

“खेळायला कोण नको म्हणतंय? गुण मिळणार नाहीत, एवढंच.”

शिंप्याने मान वळवून रिकाम्या गोलकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि तो मावशीच्या शेजारी जाऊन बसला.

गोल मोकळा पाहून पलीकडचा स्ट्रायकर सुसाट निघाला. पण गोलकीपरच नाही तर बघायचं काय, म्हणून त्याच्याच बाजूचे दोन प्रेक्षक उठले. त्यांची संख्या मोडली. त्यांच्या कप्तानाने स्ट्रायकरला अर्ध्या वाटेवरून हाक मारून बाकावर बसवलं, सोबत आणखी एकाला. स्ट्रायकर बसला तशी शिंप्याकडची गिऱ्हाइकं कंटाळून निघाली. त्यांच्या जागी बचावफळी बसली. खेळाडू कमी, म्हणून खेळ नीरस. खेळ नीरस, म्हणून प्रेक्षक कमी. प्रेक्षक कमी, म्हणून आणखी खेळाडू बाकावर. अखेरीस दोन्हीकडचे बाक काठोकाठ भरले आणि मैदानात चेंडू एकटा उरला. पंचांनी वेळेवर शिट्टी वाजवली. शून्य-शून्य.

शिंप्याला एक गुण मिळाला. क्लब वाचला, मैदानही. मावशीने त्याची पाठ थोपटली. चांगला बसलास म्हणाली. सासरे उशी काखोटीला मारून आले आणि हंगामातला सर्वांत शिस्तबद्ध सामना म्हणाले. लेक बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी बोलली. उशी कुठे मिळते, एवढंच तिने विचारलं.

चिटणीसांनी अहवालात या सामन्याला आदर्श ठरवलं आणि पुढच्या हंगामापासून चेंडूही ऐच्छिक केला. कुणी हरकत घेतली नाही. सगळे बसलेले होते.

तुम्हीही इथवर बसूनच आलात. तुम्हाला मोजून झालं आहे. आता मध्येच उठू नका.