मी आणि रुखवताच्या मुगवड्या

अकोल्याच्या उन्हाला मी भीत नाही. ऊन मला भितं! खोटं वाटत असेल तर बासष्ट सालच्या चैत्रातली ही गोष्ट ऐका.

मैनाचं, म्हणजे आमच्या लेकीचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि माझे गुडघे जुन्या बैलबंडीसारखे करकरत होते. शेजारचे शेषराव कंपाउंडर म्हणाले, "उत्तमराव, अंगाले तिळाचं तेल लावा अन् सकाळचं कोवळं ऊन खा. हाडं लोखंडासारखी होतात! पर घटकाभरच. जास्त झालं त पापडावानी भाजून निघसान."

"आपल्या इकडं कोवळं ऊन असते कुठी?" आमच्या माणिकबाई कडाडल्या. "लू लागन! त्यापेक्षा गच्चीवरच्या बाजेवर ओलं धोतर अंथरून ठेवा. रुखवताच्या मुगवड्या घालाले पार्बताबाई येऊन राहिल्या."

मी दोन्ही कामं एकदम उरकली. तेल चोपडून बाजेवर पडलो आणि ते धोतर डोक्यावरून ओढून घेतलं. फायदा उन्हाचा, बचाव धोतराचा! गारव्यानं लगेच डोळा लागला.

त्या काळी मी इतका बारीक होतो, की बाजेच्या झोळात पडलो तर वरून नुसतं धोतरच दिसे. त्यात पार्बताबाईंची नजर अधू, पण हात मशीनसारखा. टप् टप् टप्! जागा झालो तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत हिरव्या मिरचीच्या मुगवड्यांच्या सरळ रांगा लागल्या होत्या आणि बाई घरी पोचल्या होत्या.

"माणिक! धाव वं! मी भाजून राहिलो!"

माणिकबाईंनी येऊन कपाळावर हात मारला. "हालू नका! एक जरी वडी मोडली त अकोटवाले व्याही जलमभर मैनाले बोलतीन!"

"अवं, मी मरून राहिलो!"

"मंग हालता कायले?"

लेकीसाठी पडून राहिलो. लू लागू नये म्हणून माणिकबाईंनी मुठीत कांदा दिला, तोंडात पन्हं ओतलं. दुपारपर्यंत वड्या खडखडीत वाळल्या. एकही मोडली नाही! मी मात्र उठलो तो चित्ता होऊन. लालभडक अंग आणि वडी होती तिथं पांढरा ठिपका!

चार दिवसांनी तसाच उघड्या अंगानं कन्यादानाला बसलो. पुढं पंगतीत विहीणबाईंनी मुगवड्यांची भाजी चाखली. "अगं बाई! तिळाच्या तेलाचा काय वास येऊन राहिला! पुढच्या साली पायलीभर अशाच धाडा!"

मी उपरणं गळ्यापर्यंत ओढलं. माणिकबाई माझ्याकडे पाहून गोड हसल्या. "धाडू की. ह्यायचे गुडघे अजून कुठी बरे झाले!"

तेव्हापासून, मंडळी, माझे गुडघे ठणठणीत आहेत. कितीही दुखले तरी!