वकिलाचा कान

मोहरीलकाकांशी "आज फार थंडी आहे" एवढं बोलायचीही सोय नव्हती. ते लगेच विचारत, "कोण म्हणते?" मी म्हणतो, असं सांगितलं तर खिडकीतून हात बाहेर काढून थोडा वेळ तसाच धरत आणि मग मान डोलावत. थंडी मान्य झाली, असं तेव्हा समजायचं.

बालाघाटच्या कोर्टात रीडर म्हणून त्यांची सगळी हयात गेली. जन्मभर न्यायाधीशाशेजारी बसून साक्षी ऐकलेल्या, त्यामुळे निवृत्त झाल्यावर आमची अख्खी गल्ली त्यांच्यापुढे पिंजऱ्यात उभी. भाजीवालीने वांगी ताजी आहेत म्हटलं की, "तू सोता तोडली काय?" ती बिचारी वारासिवनीच्या बाजारातून माल आणायची. ती नाही म्हणाली की काका म्हणत, "मंग ही सांगोवांगी झाली." एवढं करून वांगी घेतच.

घरात काका आणि त्यांचा कुत्रा, दोघंच. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद बंगलोरला कम्प्युटरच्या नोकरीत. शाळेत असताना त्यानेच हे पिल्लू स्टेशनवरून उचलून आणलेलं. ते दिवसभर भुंकायचं आणि त्यातून निष्पन्न काही व्हायचं नाही, म्हणून काकांनी त्याचं नाव वकील ठेवलं.

मिलिंदचा फोन रविवारी यायचा. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे तो मला पाठ झाला होता. "बरा आहेस? हौ. जेवण झालं? हौ. बरं, ठेव." यापलीकडे बापलेकांचं बोलणं कधी गेलं नाही.

त्या वर्षी धानाच्या मळणीच्या दिवसांत वकिलाची मान एका बाजूला तिरपी झाली. तो डोकं झटकत स्वतःभोवती गोल गोल फिरायचा. पोळीला तोंड लावेना. काकाही त्याच्यासमोर ताट घेऊन बसत आणि तसंच उचलून ठेवत. हा गेला तर माझं कसं होईल, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण ते न म्हणताही दिसत होतं.

मिलिंदला कळलं तसा तो रोज फोन करायला लागला. इंटरनेटवर वाचून वाचून सांगायचा. कधी मेंदूचा रोग निघायचा, कधी हळदीचा लेप. शेवटी लसणाचं कोमट तेल कानात घालायचं ठरलं, कारण अमेरिकेतल्या कोण्या बाईच्या कुत्र्याला त्याने गुण आला होता. माझ्या बायकोने तर लसूण सोलायला घेतलाही.

काका फोनवर शांतपणे म्हणाले, "त्या बाईनं आपला वकील पाह्यला काय? मंग तिले साक्ष देता येत नाही."

आम्ही वकिलाला ऑटोत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांची उलटतपासणी तिथेच सुरू झाली. कुत्र्याला काय झालंय, कशावरून, खात्री आहे काय. डॉक्टर म्हणाले, "अभी मुझे नहीं मालूम, मोहरीलजी. पहले कान देखने दो."

काका बाजूला सरले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "पाह्य. नोकरीत एवढे साक्षीदार झाले, पण 'मले माहीत नाही' म्हणणारा हा पयला."

डॉक्टरांनी सुई देऊन वकिलाला गुंगवलं, बॅटरी धरली आणि चिमट्याने कानातून धानाचं एक लांब कुसळ ओढून काढलं. तेल घातलं असतं तर ते आणखी आत सरकलं असतं, असंही सांगितलं. परतताना ऑटोत काकांनी गुंगीतल्या वकिलाला मांडीवर घेतलं होतं आणि ते सरळ सरळ रडत होते. कोण रडते, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वकील चारआठ दिवसांत पहिल्यासारखा भुंकायला लागला. मिलिंदचा रोजचा फोन मात्र चालूच. मला त्याचं कौतुक वाटलं.

मग एका संध्याकाळी पेपर परत करायला गेलो. अंगणात वकील ताठ मानेने खारीच्या मागे धावत होता. आत काका फोन कानाला लावून बसलेले.

"नाही रे, मान अजून तिरपीच आहे. हौ, खात नाही. तू वाच ना, आज काय लिह्यलं आहे त्याच्यात? सगळं वाच. मले काही घाई नाही."

आणि डोळे मिटून ऐकत राहिले. अधूनमधून नुसतं "हौ". बाहेर वकिलाने दणकून भुंकायला सुरुवात केली तसा त्यांनी फोनवर तळहात दाबला, डोळे उघडले आणि दारात मी दिसलो.

फोन ठेवेपर्यंत ते माझ्याकडे बघेनात. मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं, तिथल्या धावत्या वकिलाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू काही पाह्यलं काय?"

"नाही काका," मी म्हटलं. "मी तर आत्ताच आलो."

त्यांनी समोरची खुर्ची ओढून दिली आणि चहा ठेवायला उठले.