मनगटाच्या मापाची बॅट

बायकोला न सांगता एखादी वस्तू आणायची आणि तिला चकित करायचं, असा विचार ज्या नवऱ्याच्या डोक्यात येतो त्याने आधी डोक्यावर गार पाणी ओतून घ्यावं. मी घेतलं नाही. (आमच्या भागात नळाला तेव्हा पाणीच नसायचं, हेही एक कारण.)

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमची प्रेमिला रामदासपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत ड्रिलच्या बाई. त्या वर्षी तिने शाळेत क्रिकेट सुरू केलं. मुली खेळू लागल्या, मग शिक्षिकांनाही जोर चढला आणि दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षिकांशी सामना ठरला. आमच्या शाळेची कॅप्टन अर्थातच प्रेमिला. रोज संध्याकाळी घरी आली की ती तक्रार करायची, "शाळेच्या बॅटीचं हँडल हलते. मारावं इकडं, जाते तिकडं."

मी सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. क्रिकेटचा आणि माझा संबंध एवढाच, की मॅचच्या दिवसांत साहेब कानाला ट्रान्झिस्टर लावून बसतात आणि कोणत्याही कागदावर सही करतात. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, हिला एक बॅट द्यावी. दुकानातली तयार नाही. खास हिच्यासाठी, हिच्या मापाची बनवून घेतलेली. शिंपी ब्लाउज शिवतो तशी.

गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत महादेवराव नावाचे एक कारागीर बॅटी बनवायचे. बॅटींकडे ते अलीकडेच वळले होते. त्याआधी देव्हारे आणि पलंग करायचे. आपल्या हातची कोरीव कामं आता कोणी विचारत नाही, याचं त्यांना मोठं दुःख होतं.

"बॅट पाहिजे," मी म्हणालो.

"कशी?"

"चांगली."

महादेवरावांनी हातातला रंधा बाजूला ठेवला. "असं नसते चालत भाऊ. वजन सांगा. जड का हलकी? हँडल गोल का लांबट? काठ जाड का पातळ? खेळणारा डावरा का उजवा? आन् पोट कुठं ठेवू, वर का खाली?"

मी नकळत माझ्या पोटाकडे पाहिलं. ते मधोमध होतं.

"बॅटीचं पोट म्हणून राहिलो मी," महादेवराव म्हणाले. "मागून फुगीर असते ते. बरं, खेळते कोण?"

"मिसेस."

त्यांनी पुन्हा रंधा उचलला. मग म्हणाले, "तर मग त्याईलेच विचारून या. आन् मनगटाचं माप आणजा. हँडल किती जाड ठेवाचं ते मनगट पाहून ठरवतो मी."

आता आली पंचाईत. विचारायचं तर गुपित फुटतं. न विचारता बॅट होत नाही. शेवटी मी ठरवलं की विचारायचं, पण अशा खुबीने की कशाबद्दल विचारतोय ते तिला कळू नये. (माझी ही खुबी पुढे इतकी यशस्वी झाली, की मलाही ते कळेनासं झालं.)

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्रेमिला चटईवर आडवी झाली. तिचा डोळा लागलेला पाहून मी सुतळीचा तुकडा घेऊन गुपचूप तिचं मनगट मोजलं. ती झोपेतच गोड हसली. मला वाटलं, छान स्वप्न पडलं असेल.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. मी दारात टेकून उभा राहिलो. "प्रेमिला, समज, एखादी वस्तू आहे. हातातली. तर ती तुला जड आवडेल की हलकी?"

लाटणं थांबलं. तिने वर पाहिलं नाही, पण कान लाल झाले. "जड. हलकी काय कामाची? दोन दिवसांत वाकते."

बॅट वाकते हे मला माहीत नव्हतं. मी मनात नोंद घेतली. "आणि गोल की लांबट?"

"गोलच. लांबट कोणी घालते का?"

'घालते' हा शब्द मला जरा खटकला. पण क्रिकेटमध्ये काय घालतात आणि काय मारतात, मला कुठं ठाऊक!

"काठ?"

"काठ जाड पाहिजे. आन् भरीव बरं का! आतून पोकळ मले नाही चालत."

"पोकळ कशाला देतील?"

"देते काही लोक. फसवून टाकते. तुम्ही भोळे आहात, नीट पाहून घ्या."

एवढ्या वर्षांत तिने मला 'भोळे' कधी म्हटलं नव्हतं. त्याऐवजी दुसरा एक शब्द वापरायची. मला धीर आला. "शेवटचं. डाव्या हातासाठी की उजव्या?"

प्रेमिला खुदकन हसली. "अहो, दोन्ही हातांत! एकाच हातात कोण घालते? जोडच असते ना. आन् वर मोर काढाले सांगा. समोरून दिसला पाहिजे. मागं लपवून काय उपयोग?"

त्या रात्री माझ्या पानात भातावर तुपाची अशी धार पडली की वरण दिसेना.

सोमवारी मी महादेवरावांना सगळं सांगितलं. जड, गोल, जाड काठाची, भरीव. एक डावी, एक उजवी. आणि समोर मोर.

"दोन्ही हातानं खेळते?" महादेवराव उठूनच उभे राहिले. "लय मोठ्या प्लेयर दिसते तुमच्या बाई! पण मोर? समोरून? अहो, चेंडू लागते तिथं. मागून कोरतो ना मी, पोटावर."

"समोरूनच," मी ठासून सांगितलं. "मागं लपवून काय उपयोग?"

मोराचं नाव निघताच खरं म्हणजे महादेवरावांचा चेहरा उजळला होता. गिऱ्हाइकाचाच हट्ट आहे म्हटल्यावर ते जास्त बोलले नाहीत. "पिसारा उघडा ठेवू का मिटलेला?" एवढंच त्यांनी विचारलं. मी उघडा म्हणालो. करायचं तर चांगलंच करायचं.

'सामन्याच्या दिवशी सकाळी हातात मिळेल,' एवढंच मी प्रेमिलाला सांगितलं, आणि त्यानंतरचे दिवस माझ्या संसारातले सर्वांत सुखाचे. चहात साय येऊ लागली. माझा शर्ट न सांगता इस्त्री होऊ लागला. शेजारच्या वच्छलाबाई मला पाहून आपल्या नवऱ्याला मोठ्याने म्हणायच्या, "पहा, याले म्हणते माणूस!" प्रेमिलाने हातातल्या काचेच्या बांगड्या मोलकरणीला देऊन टाकल्या. मला वाटलं, खेळताना फुटतील म्हणून. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी काटोलहून बसने माझ्या सासूबाई, सिंधूताई, संत्र्यांची थैली घेऊन आल्या. एरवी त्या मला 'तुझे हे' म्हणतात. म्हणजे प्रेमिलाला विचारतात, 'तुझे हे जेवले का?' आणि मी समोरच बसलेलो असतो. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "जवाईबापू, संत्रं सोलून देऊ का?"

एका सामन्यासाठी काटोलहून सासू येते, हे जरा जास्तच वाटलं. पण म्हटलं, क्रिकेटचं वेड सगळीकडेच पसरलं आहे.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी गांधीबागेत जाऊन माल ताब्यात घेतला. पहिली बॅट उचलली आणि खांद्यातून कळ आली. मोर मात्र अप्रतिम होता. डोळा, तुरा, चोच, एकेक पीस. महादेवराव तिच्यावरून हात फिरवत होते, लेक सासरी पाठवताना फिरवावा तसा. मी सायकलरिक्षा केली. रिक्षावाल्याने चढावर मला खाली उतरवलं, बॅटींना नाही.

घरी बैठकीत सगळी मंडळी जमलेली होती. प्रेमिला नवं पातळ नेसून, दोन्ही हात मोकळे ठेवून बसली होती. शेजारी सासूबाई. वच्छलाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन तयार. मी चादरीत गुंडाळलेलं ते लांबलचक गाठोडं आत ओढत आणलं.

"हे बाजूला ठेवा आधी," प्रेमिला लाजून म्हणाली. "डबी कुठं आहे?"

"कसली डबी?"

"त्याची."

"याला डबी नसते. असंच मिळतं," म्हणत मी चादर सोडली.

दोन मोर पिसारे फुलवून जमिनीवर पडले. बैठकीत सगळ्यांचे डोळे विस्फारले. मला वाटलं, आनंदाने.

"हे काय होय?" सासूबाईंनी विचारलं.

"बॅट," मी म्हणालो. "जोड. भरीव. मनगटाच्या मापाची."

प्रेमिलाने एकदा बॅटींकडे पाहिलं, एकदा आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. वच्छलाबाई तबक घेऊन कशाबशा दारापर्यंत पोचल्या. मग पायरीवर बसून इतक्या हसल्या की कुंकू सांडलं.

"झालं काय?" मी सासूबाईंना विचारलं. "पोट चुकलं का?"

"पाटल्या, जवाईबापू!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "सोन्याच्या पाटल्या करून राहिले तुम्ही, असं पोरीनं साऱ्या गावाले सांगतलं ना! मनगट काहून मोजलं मंग? जड का हलकं काहून इचारलं? शाळेतल्या साऱ्या बाया पाहाले बसल्या आज."

तेव्हा कुठे जड, गोल, भरीव, जोड आणि मोर हे सगळं माझ्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसलं. आणि मी पण खालीच बसलो.

दाराबाहेरून मी बरंच काही बोललो. आतून भांडी आपटल्याचे आवाज आले. पण सामन्याची वेळ झाली तशी प्रेमिला बाहेर आली. डोळे लाल होते, पदर कमरेला खोचलेला. तिने एक बॅट उचलली. म्हणजे उचलायला गेली, आणि मग ओढत दारापर्यंत नेली.

"ही घेऊन जातेस?" मी चाचरत विचारलं.

"सगळ्याईले सांगून बसली आहे ना मी! काहीतरी तर दाखवा लागंन."

मैदानावर तिने काय दाखवलं, काय सांगितलं, मला माहीत नाही. मी दूर कडुनिंबाखाली उभा होतो. फक्त एवढं दिसलं, की शिक्षिकांचा घोळका एकदम माझ्याकडे वळला आणि सगळ्यांनी पदर तोंडाला लावले.

त्यांचा डाव संपल्यावर आमची बाजू धावा काढायला उतरली आणि भराभर बाद होत गेली. प्रेमिला आली तेव्हा आशा फारशी उरली नव्हती. तिने बॅट स्टंपांसमोर टेकवली आणि ती तशीच टेकलेली राहिली. उचलणं शक्यच नव्हतं. समोरच्या बाईंनी जोरात चेंडू टाकला. तो मोराच्या मानेवर आदळला आणि काटकोनात वळून भलतीकडेच गेला. क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाई ज्या दिशेला धावल्या, तिथे चेंडू नव्हताच. पुढचा पिसाऱ्यावर लागला आणि मागे. त्याच्या पुढचा तुऱ्याला लागला, तो उंच उडून कुठे पडला ते अंपायरलासुद्धा कळलं नाही. कोणता चेंडू कुठे जाईल हे गोलंदाजाला माहीत नाही, फलंदाजाला माहीत नाही, मोरालाही माहीत नसावं! दोन क्षेत्ररक्षक एकमेकींवर आपटल्या. त्यांच्या कॅप्टन बाई ओरडल्या, "सगळीकडं उभ्या राहा!"

प्रेमिला मात्र बाद होईना. एवढ्या रुंद, जाड लाकडामागे तिचे स्टंप कोणाला दिसतच नव्हते. शेवटी एक चेंडू मोराच्या चोचीवर बसला, यष्टिरक्षक बाईंच्या डोक्यावरून गेला आणि सीमेपार! आम्ही जिंकलो. सासूबाई खुर्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "माही पोरगी हाय थे!"

मी घाबरतच मैदानात गेलो. प्रेमिला घामाने निथळत होती आणि बॅटला टेकून उभी होती. ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "चुकलं माझं."

"जड आहे हो," ती म्हणाली. मग जरा थांबून, बॅटवरून हात फिरवत म्हणाली, "पण माझी आहे. लहानपणापासून खेळून राहिली मी. भावांची बॅट, कॉलेजची बॅट, शाळेची बॅट. कोणी म्हणाले नाही, की हिले तिची एक पाहिजे."

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. (मैदानात धूळ फार होती.)

"पाटल्या मात्र घ्या लागते," ती लगेच म्हणाली. "आन् त्या घ्याले मी जाईन. तुम्ही घरीच थांबा."

तेवढ्यात एका स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याने प्रेमिलाला बॅट उभी धरून मोर दिसेल असं उभं केलं. बॅट कलंडायला लागली म्हणून मी शेजारून धरली. त्यानेही फोटो तसाच काढला. मी आयुष्यात पहिल्यांदाच वर्तमानपत्रात येणार होतो. भांग नीट करून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं : 'विजयी कर्णधार. शेजारी त्यांची नक्षीदार बॅट बनवणारे सुतार.'

मी वर्तमानपत्राची घडी घालतोय न घालतोय, तोच दारात एक गृहस्थ उभे. खांद्यावर लाकडी बाज. तिचा एक पाय मोडलेला.

"सुतारभाऊ घरी आहेत का?" त्यांनी विचारलं. "पेपरात फोटो पाहिला. पाय बसवून देता का जी?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "ठेवा तिथं. देतीन ना आमचे जवाईबापू बसवून! पण भाऊ, मापं तेवढी तुमची तुम्हीच घेजा. त्याईच्या भरोशावर राहू नोका."